विद्यार्थ्याची भाकरी : दख्खनच्या मदरशांचा एक हिशेब



ह्या व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांस विषय विचारला तेव्हा, कामगार संघटनेचा मनुष्य बोनस, महागाई भत्ता आणि ठेकेदारी ह्यांवाचून दुसरे काय बोलणार, अशीच त्यांची कल्पना असावी. आम्ही मध्ययुगातील मुसलमानी शिक्षणाचा विषय कळविला तेव्हा त्यांनी तो पुन्हा एकदा विचारून घेतला. त्यांचे आश्चर्य रास्त होते. आम्हांस अरबी येत नाही, फारसीही येत नाही. आमची शाळा सातवीत सुटली आणि पुढचे वाचन झाले ते पाळी सुटल्यावर, युनियनच्या कचेरीत, मराठी पुस्तके आणि मोडक्यातोडक्या ज्ञानाने उलगडलेली इंग्रजी पुस्तके ह्यांच्या आधाराने. तेव्हा पंडिताच्या अधिकाराने आम्ही येथे उभे नाही. विद्वानांनी मूळ ग्रंथ वाचून जे छापून ठेवले आहे, ते एका कामगाराने वाचले असता त्याची नजर कोठे थांबते, एवढेच आज आपल्यापुढे मांडावयाचे आहे.

हा विषय आम्हांस सुचला तो एका गावाच्या नावामुळे. दख्खनच्या जुन्या इतिहासात, बहामनी सुलतानाने पोरक्या मुलांसाठी शाळा काढल्या, असा एक मजकूर आहे. त्यात ज्या शहरांची यादी येते तिच्यात गुलबर्गा आहे, बीदर आहे, आणि आपले चौलही आहे. वडखळच्या नाक्यावरून अलिबागचा रस्ता धरला की पुढे नारळी-पोफळीच्या वाड्यांत जे चौल लागते, तेच हे. आपल्या उंबरठ्यापाशी सहाशे वर्षांपूर्वी अनाथ पोरांची शाळा होती, आणि तिला सरकारी खर्च होता, हे वाचल्यावर आम्ही शाळांचा इतिहास निराळ्या नजरेने वाचू लागलो. इतिहासकार बहुधा सांगतात की, अमुक आचार्य होते, अमुक ग्रंथ शिकवीत. आम्ही मात्र प्रत्येक ठिकाणी विचारत गेलो की, त्या पोराला दोन वेळ जेवू कोण घालीत होते? मास्तरांचा पगार कोठून येत होता? आणि पैसे देणारा गेल्यावर शाळेचे काय झाले? आजचे सारे भाषण ह्या तीन प्रश्नांभोवती आहे.

प्रथम दोन शब्दांचा खुलासा केला पाहिजे. मकतब म्हणजे लहान मुलांची प्राथमिक शाळा. ती बहुधा मशिदीच्या ओट्यावर किंवा मौलवीच्या घरी भरे. मुलगा चार वर्षे, चार महिने आणि चार दिवसांचा झाला की ‘बिस्मिल्ला’चा समारंभ करून त्यास तेथे बसवीत. आपल्याकडे पाटीपूजन करून मुलास धुळाक्षरे गिरवावयास लावीत, त्याच जातीचा हा समारंभ. लाकडी तख्तीवर अक्षरे काढावयाची, कुराणाचे पाठ म्हणावयाचे, थोडा हिशेब, आणि आपल्या मुलुखात पुढे फारसी; सादीचे ‘गुलिस्ताँ’ व ‘बोस्ताँ’ हे ग्रंथ तर पिढ्यान्‌पिढ्या पाठ्यपुस्तकांसारखे चालले. मदरसा म्हणजे त्यावरची पायरी. तेथे अरबी व्याकरण, तर्कशास्त्र, धर्मशास्त्र, कायदा, गणित, ज्योतिष आणि काही ठिकाणी वैद्यक शिकवीत. परीक्षा घेऊन संस्थेच्या शिक्क्याचे प्रमाणपत्र देण्याची पद्धत नव्हती. एखादा ग्रंथ गुरूपाशी पुरा झाला की गुरू स्वतः ‘इजाजत’ लिहून देई, म्हणजे हा ग्रंथ दुसऱ्यास शिकविण्याची परवानगी. विद्यार्थ्याची किंमत मदरशाच्या नावावर ठरत नसे. तो कोणापाशी शिकला, यावर ठरे. आमच्या फिटर-वेल्डरांत आजही हीच रीत आहे. आयटीआयचा कागद मागाहून पाहतात, पहिला प्रश्न असतो, "काम कोणाच्या हाताखाली शिकलास?"

आता पैशाकडे वळू. मदरशाची व्यवस्था पक्क्या पायावर उभी राहिली ती अकराव्या शतकात, बगदादेत. सेल्जुक सुलतानांचा वजीर निजामुल्मुल्क ह्याने तेथे ‘निजामिया’ नावाचा मदरसा बांधला. १०६७ मध्ये तो सुरू झाला. नामांकित तत्त्वज्ञ गझाली ह्यास १०९१ मध्ये तेथेच आचार्य नेमले होते. ह्या मदरशात अध्यापकास ठरलेला पगार व विद्यार्थ्यास राहण्याची सोय आणि वजीफा, म्हणजे निर्वाहवेतन, मिळे. पुढे १२३४ मध्ये त्याच शहरात खलिफा मुस्तन्सिर ह्याने ‘मुस्तन्सिरिया’ उघडला, तेथे तर विद्यार्थ्यास रोजची रोटी, मांस आणि दरमहा एक सोन्याचा दिनार देत. स्वयंपाकघर, हमामखाना, ग्रंथालय, दवाखाना हे सारे त्याच संस्थेचे भाग होते.

हा खर्च चाले वक्फावर. वक्फ म्हणजे काय, हे आपल्याकडील मंडळींस देवस्थान इनामाच्या उदाहरणाने चटकन समजेल. एखादे शेत, दुकानांची ओळ, गिरणी, हमामखाना अशी मिळकत मालकाने कायमची एका कामासाठी लावून द्यावयाची. मग ती विकता येत नाही, मुलांत वाटता येत नाही, आणि तिच्या उत्पन्नातून मशीद, दवाखाना किंवा मदरसा चालावयाचा. दस्तऐवजात मास्तरांचा पगार किती, विद्यार्थी किती, दिव्याचे तेल किती, झाडूवाल्यास काय, येथपर्यंत लिहून ठेवीत. आमच्या मते मध्ययुगातील मुसलमानी शिक्षणाचा खरा पाया हा दस्तऐवज होय. विद्वान तर सर्वच समाजांत होऊन गेले. परंतु विद्वानाचा पगार आणि विद्यार्थ्याची भाकरी ही दात्याच्या मर्जीवर न ठेवता कागदावर बांधून टाकणे, ही मोठी युक्ती होती.

ह्या युक्तीत एक मेखही होती, तीही सांगितली पाहिजे. निजामुल्मुल्काने निजामिया काढला तो केवळ विद्येच्या प्रेमाने नव्हे. त्या काळी इजिप्तमध्ये फातिमी खलिफांचे राज्य होते आणि त्यांच्या पंथाचा प्रचार सर्वत्र चालू होता. त्यास तोंड देणारे आपल्या पंथाचे कायदेपंडित वजिरास हवे होते. म्हणजे भाकरीबरोबर मतही वाढले जात होते. जो पोसतो तो शिकवणही ठरवितो, हा नियम तेव्हा होता आणि पुढेही सुटलेला नाही. म्हणून भाकरी कोण देतो, ह्या प्रश्नास आम्ही इतके महत्त्व देतो.

आता बगदादेहून आपण आपल्या किनाऱ्यावर येऊ. अरबांची गलबते कोकणात येत होती ती बहामनी राज्याच्या चारशे वर्षे आधीपासून. मसूदी नावाचा अरब प्रवासी ९१६ च्या सुमारास चौलास आला. त्याने ह्या बंदरास ‘सैमूर’ म्हटले आहे. तेथे दहा हजारांच्या घरात मुसलमान राहत होते, कोणी येथेच जन्मलेले, कोणी ओमान, सिराफ, बसरा व बगदाद येथून येऊन स्थायिक झालेले, आणि राजाने त्यांच्याच पैकी एकास त्यांचा न्यायनिवाडा करण्यासाठी नेमले होते, असे तो लिहितो. राज्य तेव्हा शिलाहारांचे, हिंदू राजाचे. जेथे एवढी वस्ती, तेथे मशीद आली, काजी आला, आणि पोरांस अक्षर शिकविणाराही आलाच. व्यापाऱ्याच्या पोरास हिशेब व पत्र आले नाही तर गलबत बुडण्याआधी धंदा बुडतो.

किनाऱ्याच्या शिक्षणाचा एक चांगला पुरावा आपल्या दक्षिणेस, होनावरास मिळतो. इब्न बतूता हा मोरोक्कोचा प्रवासी १३४२ च्या सुमारास तेथे होता. त्या गावात मुलींच्या तेरा शाळा व मुलांच्या तेवीस शाळा त्याने पाहिल्या आणि तेथील बायकांस कुराण पाठ असते असे नोंदविले. मुलींच्या तेरा! पुण्यात भिडेवाड्यात सावित्रीबाई आणि जोतीराव ह्यांनी मुलींची शाळा काढली ती १८४८ मध्ये. म्हणून होनावरचा हा आकडा वाचून आम्ही क्षणभर थांबलो. अर्थात तो शिक्षणक्रम कुराणपठणाचा होता आणि एवढ्या शाळा दुसऱ्या कोठे पाहिल्याचे बतूता सांगत नाही, हेही ध्यानात ठेविले पाहिजे. तरीही मुलीस अक्षर शिकविण्यास धर्माची किंवा समुद्राची आडकाठी नव्हती, एवढे त्यावरून सिद्ध होते.

आणि कोकणातील मोठे विद्वान पाहावयाचे तर मुंबईत माहीमला जावे. मखदूम अली माहिमी हे नवायत समाजातील. कुराणावर अरबीत भाष्य लिहिणाऱ्या हिंदुस्थानातील पहिल्या काही पंडितांत त्यांची गणना होते. त्यांच्या भाष्याचे नाव ‘तब्सीरुर्रहमान’. ते १४३१ मध्ये वारले. वडील लवकर गेल्यावर आईने त्यांच्या शिक्षणाची काळजी घेतली, असे परंपरा सांगते. आज त्यांच्या उरुसात संदलाचा पहिला मान मुंबई पोलिसांचा असतो, आणि सर्व जातिधर्मांची माणसे तेथे येतात; पण हा पीर म्हणजे मुळात एक शिकलेला कोकणी मनुष्य होता, हे किती जणांस ठाऊक असते?

आता त्या पोरक्या मुलांच्या शाळांकडे येऊ. बहामनी घराण्यातील दुसरा महंमदशाह ह्याने १३७८ ते १३९७ असे राज्य केले. लढायांची हौस नसलेला हा राजा होता. त्याच्या कारकिर्दीत दख्खनेत दुष्काळ पडला. तेव्हा त्याने दहा हजार बैलांचा तांडा माळवा व गुजराथेकडे लावून धान्य आणविले आणि ते लोकांस स्वस्त भावाने विकविले. त्याच राजाने पोरक्या मुलांसाठी गुलबर्गा, बीदर, कंधार, एलिचपूर, दौलताबाद, चौल, दाभोळ आणि इतर मोठ्या शहरांत शाळा काढल्या, त्यांत शिक्षक नेमले आणि मुलांच्या पोषणाचा खर्च लावून दिला. हे सांगणारा इतिहासकार फिरिश्ता होय. तो लहानपणी अहमदनगरास आला, पुढे विजापूरच्या दरबारी गेला आणि सतराव्या शतकाच्या आरंभी त्याने आपला इतिहास लिहिला, म्हणजे ह्या घटनेनंतर दोनशे वर्षांनी. तेव्हा त्याचा शब्दन्‌शब्द तोलून घ्यावा हे खरे. परंतु गावांची नावे तो मोजून देतो, आणि त्यांतली कंधार, एलिचपूर म्हणजे आजचे अचलपूर, दौलताबाद, चौल व दाभोळ ही पाच गावे आजच्या महाराष्ट्रात आहेत.

दुष्काळ आणि पोरक्यांची शाळा ह्या दोन गोष्टी एकाच राजाच्या नावावर याव्यात ह्यात आम्हांस नवल वाटत नाही. दुष्काळात आईबाप मरतात किंवा पोरांस टाकून पोटामागे जातात. अशा पोरास नुसती शाळा देऊन काय उपयोग? त्याला आधी कोणीतरी जेवू घातले पाहिजे. ह्या राजाने दोन्हींची सांगड घातली. ज्याचे कोणी नाही त्याच्या शिक्षणाचा भार राज्याने उचलावयाचा, हा विचार चौदाव्या शतकात आपल्या मुलुखात प्रत्यक्ष अमलात आला होता, ही आपण अभिमानाने सांगावी अशी गोष्ट आहे, मग आपला धर्म कोणताही असो.

त्याच्यानंतर फिरोजशाह बहामनी गादीवर आला, १३९७ मध्ये. हा स्वतःच मोठा अभ्यासू. आठवड्यातून तीन दिवस, शनिवारी, सोमवारी आणि गुरुवारी, तो स्वतः विद्यार्थ्यांस पाठ देई. त्यांत युक्लिडची भूमितीही असे. दिवसा राज्याच्या कामातून सवड झाली नाही तर रात्री शिकवी. रात्रशाळेत बसून शिकलेल्या आमच्यासारख्यांस हा सुलतान फार जवळचा वाटतो. दौलताबादेजवळ वेधशाळा बांधण्यास त्याने १४०७ मध्ये आरंभ केला, पण तिचा मुख्य जाणकार वारल्याने ते काम अर्धेच राहिले. गोवे आणि चौल ह्या बंदरांतून तो दरसाल जहाजे धाडी आणि कप्तानांस, माल तर आणाच पण विद्वान माणसेही घेऊन या, असे सांगे. मिरी-लवंगा आणि घोडे ह्यांच्या व्यापाराबरोबर ज्ञानाची अशी आयात चौलच्या धक्क्यावर होत होती.

ह्या व्यापारी वाटेनेच आला महमूद गावान. इराणातील गिलान प्रांताचा हा गृहस्थ १४५३ मध्ये दाभोळ बंदरात उतरला तो व्यापारी म्हणून. पुढे तो बहामनी राज्याचा मुख्य वजीर झाला. १४७२ मध्ये त्याने गोवे जिंकले आणि त्याच वर्षी बीदरचा त्याचा प्रसिद्ध मदरसा पुरा झाला. इमारत तीन मजली, २०५ फूट लांब व १८० फूट रुंद. कोपऱ्यांस उंच मनोरे, दर्शनी भागावर निळ्या-पिवळ्या-पांढऱ्या इराणी कौलांचे काम, आत मशीद, व्याख्यानांचे दिवाणखाने, अध्यापक व विद्यार्थी ह्यांच्या खोल्या आणि तीन हजार हस्तलिखितांचा संग्रह. तेथे राहून शिकणाऱ्यास खाणेपिणे, कपडालत्ता फुकट मिळे. आपल्या कोकणी मंडळींनी गाणगापूर-पंढरपूरच्या यात्रेबरोबर एकदा बीदरही पाहावे. पडझड झालेली असूनही ती इमारत पाहताच कळते की, ती बांधणाऱ्यास विद्यार्थी हा पाहुण्यासारखा वाटत होता.

गावान स्वतः साधेपणाने राही. आपला घरखर्च तो व्यापाराच्या भांडवलातून चालवी आणि जहागिरीचे उत्पन्न सैन्य व दानधर्म ह्यांकडे लावी. पण दरबारात स्थानिक दख्खनी आणि परदेशी अशा दोन तटांचे वैर पेटले होते. विरोधकांनी त्याच्या शिक्क्याचे एक बनावट पत्र तयार केले आणि ते सुलतानापुढे ठेविले. सुलतानाने चौकशी न करता ५ एप्रिल १४८१ रोजी त्याचा शिरच्छेद करविला. नंतर त्याचा खजिना तपासला तो जवळजवळ रिकामा निघाला. ज्यावर आरोप झाला त्यास नीट चौकशी न करता काढून टाकणे हा प्रकार किती जुना आहे पाहा! आमच्या संघटनेने चौकशीशिवाय कमी केलेल्या कामगारांची प्रकरणे लढविली आहेत. बनावट कागद तेथेही निघतात, फक्त मान तेवढी शाबूत राहते.

गावानाच्या मृत्यूनंतर बहामनी राज्याचे पाच तुकडे झाले. मदरशाची इमारत पुढेही दीर्घकाळ शाबूत होती. परंतु औरंगजेबाच्या अमलात तिच्या काही भागात दारूगोळा साठविला, आणि १६९६ मध्ये त्याचा स्फोट होऊन दर्शनी भाग व एक मनोरा उडाला. ग्रंथ ठेवण्याच्या जागी दारू ठेवली म्हणजे काय होते, ह्याचा धडा आजही बीदरात उभा आहे.

बहामनीच्या पाच वारसांपैकी विजापूरकरांनी शिक्षणाची परंपरा चांगली सांभाळली. महंमद आदिलशाहाच्या काळात, म्हणजे १६२७ ते १६५६ ह्या वर्षांत, तेथील आसार महालास जोडून मदरसे होते. ‘बुसातीनुस्सलातीन’ ह्या विजापूरच्या इतिहासात त्यांचे जे वर्णन आहे ते वाचून आमच्यासारख्याच्या तोंडास पाणी सुटते. विद्यार्थ्यांस सकाळी बिर्याणी व मुजाफर, म्हणजे केशरी गोड भात. संध्याकाळी नान व खिचडी. शिवाय एक होन वेतन आणि अरबी-फारसी पुस्तके. वार्षिक परीक्षा होत, चांगल्या विद्यार्थ्यांस होनांची बक्षिसे मिळत आणि हुशारांस दरबारी चाकरी लागे. इतिहासकारास ग्रंथांच्या नावांइतकेच जेवणाच्या पदार्थांचेही महत्त्व वाटले, ह्याबद्दल आम्ही त्याचे आभार मानतो.

आता ह्या नाण्याची दुसरी बाजू. हे शिक्षण कोणाच्या वाट्यास आले? मदरशात शिकून पंडित, काजी, मुन्शी, कारकून तयार होत. सुताराचा, लोहाराचा, विणकराचा, कागद करणाऱ्याचा पोर, मग तो मुसलमान असो वा हिंदू, ह्या दारात क्वचितच येई. त्याची शाळा म्हणजे कारखाना आणि त्याचा गुरू म्हणजे उस्ताद. आपल्या पेणच्या गणपतीच्या कारखान्यात पोर आधी माती मळते, मग साचा भरते, आणि पुष्कळ वर्षांनी त्याच्या हाती डोळ्यांच्या आखणीचा कुंचला येतो, तसेच हे शिक्षण. ते खोल होते, पण लेखी नव्हते. बीदरच्या मदरशाची ती सुंदर कौले ज्यांनी बसविली त्यांची नावे फिरिश्त्याने लिहिली नाहीत.

ह्या दोन जगांची गाठ कोठे पडली असेल तर ती आमच्या भाषेत. शाई, दौत, कलम, कागद, जिल्द, हजेरी, तारीख, नक्कल, मसुदा, दप्तर हे सारे शब्द फारसी-अरबीकडून आपल्याकडे आले, आणि ते मदरशातून थेट न येता कचेरीतून आले. ‘तालीम’ ह्या अरबी शब्दाचा मूळ अर्थच शिक्षण असा आहे. मराठी माणसाने तो शब्द घेतला आणि कुस्तीच्या आखाड्यास दिला. ‘उस्ताद’चा झाला वस्ताद आणि तो लाल मातीत उभा राहिला. ज्यांस मदरसा मिळाला नाही त्यांनी त्याचे शब्द तरी आपल्या घामाच्या शाळेस लावून घेतले, असे आम्ही ह्याचे मर्म समजतो.

आणि ह्या शाळा टिकल्या का नाहीत? चौलच्या त्या अनाथ पोरांच्या शाळेची आज एक वीटही कोणी दाखवू शकत नाही. आमच्या मते कारण असे की, ज्या ठिकाणी खर्च राजाच्या मर्जीवर होता, तेथे राजा किंवा राज्य बदलले की शाळा उठली. ज्या ठिकाणी जमीन व उत्पन्न कायमचे लावून दिले होते, तेथे ती तग धरून राहिली. अर्थात इनाम खाऊन टाकणारे व्यवस्थापकही निघालेच. पण कागदावर बांधलेला हक्क बऱ्याच राजवटी पाहतो. शिवाजीमहाराजांनी पीर व मशिदी ह्यांचे चालत आलेले खर्च बंद केले नाहीत, असे सभासदाची बखर सांगते. पेशव्यांच्या रमण्यात विद्वान ब्राह्मणांस जी दक्षिणा वाटली जाई, तिच्या पैशातूनच इंग्रजांनी १८२१ मध्ये पुण्यात संस्कृत पाठशाळा काढली. धर्म निराळा, भाषा निराळी, पण हिशेब एकच : निधी टिकला तर विद्या टिकते.

ह्या जुन्या हिशेबाचा खरा अर्थ आपल्याकडे ओळखला तो छत्रपती शाहूमहाराजांनी. त्यांनी कोल्हापुरात १९०१ पासून एकामागून एक समाजासाठी वसतिगृहे काढली. त्यांतले मुसलमान विद्यार्थ्यांचे वसतिगृह १९०६ चे. गरिबाच्या पोराला शहरात शाळा दिसते, पण निजावयास आणि जेवावयास जागा दिसत नाही, हे त्यांस उमगले होते. कर्मवीर भाऊराव पाटलांनी तोच धागा पुढे नेला. साताऱ्यास १९२४ मध्ये त्यांनी सर्व जातींच्या मुलांस एका पंगतीस बसविणारे वसतिगृह काढले, आणि एकदा पोरांस खायला काही उरले नाही तेव्हा लक्ष्मीबाईंनी गळ्यातले मंगळसूत्र मोडले. बगदादच्या खलिफाचा दिनार आणि लक्ष्मीबाईंचे मंगळसूत्र ह्यांची किंमत आम्ही एकाच तागडीत तोलतो, आणि आमच्या मते मंगळसूत्राचे पारडे जड भरते.

आता आपल्या वडखळचे बोलू आणि भाषण संपवू. आमच्या संघटनेने ठेक्यावरच्या कामगारांसाठी एकदा रात्रीचा वर्ग चालविला होता. अंगठा लावून पगार घेणाऱ्यांस आपले हजेरीकार्ड वाचता यावे, एवढाच हेतू. पहिल्या महिन्यात माणसे येत आणि डुलक्या देत. बारा तास राबलेल्या रिकाम्या पोटास बाराखडी कशी चढणार? मग वर्गाआधी भात आणि आमटी सुरू केली. खर्च वर्गणीतून केला. पट दुप्पट झाला आणि पावसाळा लागेपर्यंत चौदाजण आपल्या कार्डावरचे खाडे स्वतः मोजू लागले. एका ठेकेदाराने लावलेले तीन खोटे खाडे त्यांपैकीच एकाने पकडून दिले. विद्येचा ह्याहून रोकडा पुरावा आम्हांस माहीत नाही.

आज देशात शिक्षणहक्काचा कायदा आहे. २००९ मध्ये तो झाला आणि १ एप्रिल २०१० पासून सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलास तो लागू आहे. शाळेत शिजवलेले अन्न मिळावे, असा सर्वोच्च न्यायालयाचा हुकूम २००१ चा आहे. म्हणजे महंमदशाह बहामनीने जे दानत म्हणून केले, ते आता हक्क म्हणून लिहिले गेले आहे. ही थोर प्रगती होय. तरीही आपल्या पेण तालुक्यातील कातकरी वाड्यांवर भातकापणी उरकली की काय होते, ते आपण सर्वजण पाहतो. उचल घेतलेली कुटुंबे वीटभट्ट्यांवर आणि कोळशाच्या भट्ट्यांवर निघतात, पोरेही जातात. शाळेतली खिचडी शाळेतच राहते आणि पोर शंभर मैलांवर विटा उलथीत बसते. पावसाच्या तोंडावर ते परत येते तेव्हा मागच्या वर्षीचे अक्षर पुसलेले असते. हे पोर पोरके नाही, त्याला आईबाप आहेत. पण सहा महिने त्याची भाकरी आणि त्याची शाळा ह्या दोन गावांत राहतात. चौलच्या शाळेने ज्या दोन गोष्टी एकत्र बांधल्या होत्या, त्या येथे सुटल्या आहेत.

ह्यावर भाषण करून भागणार नाही. हंगामी वसतिगृहाची सरकारी योजना आहे. आपल्या वाड्यांसाठी ती मागून घेतली पाहिजे, आणि त्यासाठी अर्ज लिहिण्यास आमची संघटना तयार आहे. पण तेवढ्यावर विसंबू नये, कारण मर्जीवरच्या शाळेचे काय होते ते आपण आत्ताच पाहिले. गावाने स्वतःचा निधी उभारावा. प्रत्येक घराने हंगामात पायलीभर भात बाजूला काढावे, दुकानदारांनी महिन्याची ठराविक रक्कम लावून द्यावी, संघटना आपल्या वर्गणीचा वाटा घालील, आणि हा निधी दुसऱ्या कोणत्याही कामास वापरता येणार नाही असे त्याच्या घटनेत पक्के लिहावे. वाडीतली एखादी आजी किंवा घरी राहणारी बाई पोरांच्या जेवणास पगारावर नेमावी. फुकट राबवू नये. वीस पोरांपासून आरंभ केला तरी पुरे. सभेनंतर दाराशी वही ठेवली आहे. तीत नाव आणि आकडा, दोन्ही लिहावे. नुसते नाव लिहून जाऊ नये, ही आमची जुनी युनियनची खोड आहे, ती आपण गोड मानून घ्यावी.

चौलला ज्या पोरांनी तख्तीवर अक्षर गिरविले त्यांची नावे कोणासही ठाऊक नाहीत. त्यांना कोणीतरी जेवू घातले एवढे मात्र सहाशे वर्षे लिहिलेले राहिले.